ईमेलचा दुसरा दरवाजा आणि नवा फोन

देवगड तालुक्यातील विजयदुर्गचा किल्ला पाहावयास जाणाऱ्या माणसाच्या एक गोष्ट सहज ध्यानात येते. किल्ल्याचा मुख्य दरवाजा दुरून दिसत नाही. गोमुखी बांधणीच्या वाटेने वळण घेतल्यावर तो एकदम समोर येतो. आणि तो ओलांडला म्हणजे किल्ला हाती आला असेही नव्हे, कारण तटाच्या आणखी रांगा पुढे उभ्या असतात. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या कारकीर्दीत, बाराव्या शतकाच्या अखेरीस, या स्थळी किल्ला उभा राहिला असे मानले जाते. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी तो स्वराज्यात आणला. तिहेरी तटबंदीचा हा घेरिया किल्ला आरमारी सत्तेचे मोठे ठाणे ठरला. एक अडसर मोडला तरी शत्रूस आत येता येऊ नये, हा विचार त्याच्या साऱ्या बांधणीत दिसतो.

हा किल्ला पडला तो प्रसंगही लक्षात ठेवण्याजोगा आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे आरमार समुद्रातून आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून तुळाजी आंग्रे यांच्यावर चालून आली. आंग्र्यांची गलबते बंदरात एकमेकांस बांधून ठेवलेली होती. त्यांतील एका जहाजावर तोफेचा पेटता गोळा पडला आणि त्या एका जहाजाची आग हां हां म्हणता साऱ्या आरमारास लागली. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. तट शाबूत होते. पण गलबते एकमेकांस बांधलेली होती.

ईमेलच्या खात्याची स्थिती आज काहीशी त्या नांगरलेल्या गलबतांसारखी आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांचे ईमेल खाते म्हणजे केवळ पत्रव्यवहार नव्हे. विद्यार्थ्यांची माहिती भरण्याची संकेतस्थळे, शिष्यवृत्तीचे अर्ज, बँकेची विवरणपत्रे, फोनमधील छायाचित्रे, संपर्कांची यादी, इतकेच काय पण इतर बहुतेक खात्यांचे विसरलेले परवलीचे शब्द नव्याने मिळविण्याची सोय, हे सर्व त्याच एका पत्त्याशी बांधलेले असते. परवलीचा शब्द विसरला तर नवा शब्द ठरविण्याचा दुवा ईमेलवर येतो. अर्थात ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती बाकीचे बरेच काही. म्हणून या खात्यास दुसरा दरवाजा असणे आवश्यक ठरते. त्यासच दोन टप्प्यांची पडताळणी असे म्हणतात.

परवलीचा शब्द का पुरत नाही

‘परवलीचा शब्द’ हा मराठीतील जुना शब्दप्रयोग. रात्रीच्या पहाऱ्यावर तो सांगणाऱ्यासच आत सोडले जाई. संगणकावर या युक्तीचा वापर प्रथम अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झाला. अनेकजण एकच यंत्र वापरीत असल्याने प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी राहावीत, एवढाच तेव्हाचा हेतू. गमतीची बाब अशी की, १९६२ मध्येच तेथील एका संशोधकाने सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी यंत्राकडूनच छापून घेतली होती. त्यास आपल्या कामासाठी यंत्रावर अधिक वेळ हवा होता.

आजच्या चोरांस इतकेही कष्ट पडत नाहीत. अनेकजण एकच शब्द चार ठिकाणी वापरतात. एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावरून तो फुटला की तोच ईमेलवर लावून पाहिला जातो. काहीजण मुलाचे नाव आणि जन्मवर्ष ठेवतात, आणि ते साऱ्या गावास ठाऊक असते. सर्वांत अधिक फसवणूक होते ती मात्र ‘आपले खाते २४ तासांत बंद होणार आहे, येथे माहिती भरा’ अशा बनावट पत्रांनी. पत्र हुबेहूब दिसते, दुवा उघडतो, शब्द भरला जातो आणि तो भलत्याच ठिकाणी पोहोचतो. भरणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

दोन टप्प्यांच्या पडताळणीत परवलीच्या शब्दाबरोबर आणखी एका पुराव्याची मागणी होते. पहिला पुरावा आपणास ठाऊक असलेल्या गोष्टीचा, तर दुसरा आपल्याजवळ असलेल्या वस्तूचा. ही कल्पना आपणास नवीन नाही. बँकेतील लॉकर बँकेच्या आणि खातेदाराच्या अशा दोन किल्ल्यांवाचून उघडत नाही. एटीएममध्ये कार्डही लागते आणि पिनही लागतो. इंटरनेटवरून कार्डाने पैसे देताना अशी जादा पडताळणी भारतीय रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक केली, त्यामुळे फोनवर येणारा ओटीपी आता गावोगावी परिचित झाला आहे. गुगलने ही सोय २०१० मध्ये प्रथम संस्थांच्या खात्यांस आणि २०११ मध्ये सर्वसामान्य खातेदारांस दिली. पुढे २०२१ मध्ये सुमारे १५ कोटी खात्यांवर कंपनीने ती आपण होऊन सुरू केली. त्या खात्यांतील घुसखोरी निम्म्याने घटल्याचे तिने फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केले.

दुसऱ्या दरवाजाच्या किल्ल्या

हा दुसरा पुरावा देण्याच्या रीती अनेक आहेत आणि नवा फोन घेताना त्यांतील भेद समजणे अगत्याचे असते.

पहिली रीत एसएमएसची. ठरविलेल्या मोबाइल क्रमांकावर सहा अंक येतात, ते भरावयाचे. ही रीत सर्वांत सोपी असली तरी ती फोनला नव्हे, सिमकार्डाला बांधलेली असते. समुद्रकाठच्या वाडीत रेंज नसेल तर संदेश येत नाही, आणि कोणी लबाडीने आपल्या क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड काढले तर संदेश त्याच्याकडे जातो.

दुसरी रीत फोनच्या पडद्यावरील विचारणेची. ‘आपणच प्रवेश करीत आहात काय?’ असा प्रश्न येतो व ‘होय’ म्हणावयाचे असते. यास इंटरनेट लागते.

तिसरी रीत पडताळणी ॲपची. ग्रामीण भागाच्या दृष्टीने ती विशेष उपयोगाची असूनही तिच्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत, म्हणून तिचे थोडे विस्ताराने वर्णन करणे योग्य होईल. या ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी नवे सहा अंक दिसतात. ते कोठून तरी ‘येतात’ अशी समजूत असते. वस्तुतः ते कोठूनही येत नाहीत. ते फोन स्वतः तयार करतो. विमान मोडवर ठेवलेल्या, सिमकार्ड नसलेल्या फोनवरही ते दिसतात.

हे कसे घडते? विजयदुर्गचा अनुभवी मच्छीमार आज कोणती तिथी आहे हे कळले की भरती केव्हा येईल ते सांगतो. मालवणातील मच्छीमारही त्याच तिथीवरून आपल्या बंदराची वेळ सांगतो. दोघांत निरोपाची देवघेव होत नाही; हिशेबाची रीत ठाऊक असणे आणि तिथी कळणे एवढ्यावर काम भागते. ॲपचेही तसेच आहे. खाते जोडताना पडद्यावर चौकटीचे जे चित्र येते, ज्यास क्यूआर कोड म्हणतात, त्यात एक गुप्त संकेत दडलेला असतो. फोनचा कॅमेरा तो टिपून घेतो. त्या क्षणापासून तोच संकेत एकीकडे ईमेल कंपनीच्या यंत्रात आणि दुसरीकडे आपल्या फोनमध्ये राहतो. दोन्हीकडची घड्याळे वेळ मोजतात, १ जानेवारी १९७० पासून ३० सेकंदांचे किती तुकडे उलटले ते पाहतात, त्या संख्येचा आणि गुप्त संकेताचा ठरावीक गणिती संस्कार करतात आणि सहा अंक काढतात. दोन्हीकडचे उत्तर जुळले की दरवाजा उघडतो. ही रीत २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली असून निरनिराळ्या कंपन्यांची ॲपे तीच पाळतात. भरतीचा हिशेब साऱ्या किनाऱ्यास ठाऊक असतो, येथील संकेत मात्र दोघांपलीकडे कोणासही ठाऊक असता कामा नये, एवढाच फरक.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. फोनचे घड्याळ चुकीचे असेल तर अंक जुळत नाहीत. म्हणून तारीख व वेळ ‘आपोआप’ या पर्यायावर ठेवावी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गुप्त संकेत ज्या फोनमध्ये आहे तो फोन गेला की संकेतही जातो.

याखेरीज पासकी नावाची नवी रीत आली आहे. गुगलने ती मे २०२३ पासून सर्व खात्यांस उपलब्ध केली. हिच्यात बोटाचा ठसा, चेहरा किंवा फोनचे कुलूप वापरून थेट प्रवेश मिळतो, आणि बनावट संकेतस्थळावर ती चालत नाही हा तिचा मोठा गुण. सवय झाल्यावर अनेकांस हीच सोयीची वाटेल.

सरतेशेवटी बॅकअप कोड. गुगल खात्यात आठ अंकी दहा कोड एका वेळी मिळतात. प्रत्येक एकदाच चालतो, आणि नवी दहांची यादी काढली की जुनी रद्द होते. हे कोड कागदावर छापता किंवा लिहिता येतात. सर्व रीतींत ही सर्वांत जुनाट दिसते. परंतु फोन हरवला, भिजला वा मोडला असता हाच कागद उपयोगी पडतो.

फोन बदलण्याचा दिवस

ज्या दिवशी नवा फोन घरी येतो त्या दिवशी बहुतेक घोटाळे होतात. दुकानातील मुलगा मोठ्या तत्परतेने छायाचित्रे व संपर्क नव्या फोनवर उतरवून देतो, सिमकार्ड घालून देतो, जुना फोन बदल्यात ठेवून घेतो आणि तो तेथल्या तेथे कोरा करतो. सर्व काही आले असे वाटते. परंतु छायाचित्रे आली म्हणून गुप्त संकेत आलाच असे नाही. गुगलच्या पडताळणी ॲपमध्ये तर एप्रिल २०२३ पूर्वी असे संकेत खात्याबरोबर आपोआप साठविण्याची सोयच नव्हती. आता ती आहे, पण ॲपमध्ये खाते जोडलेले असेल तरच. कित्येकांनी ते जोडलेले नसते. आणि संकेत त्याच ईमेल खात्यात साठवलेले असतील तर ते मिळविण्यासाठी आधी त्या खात्यात शिरावे लागते, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच राहावी तसा प्रकार होतो.

यास्तव जुना फोन चालू आणि आपल्या हाती असतानाच सर्व कामे उरकावीत. प्रथम जुन्या फोनवरून किंवा संगणकावरून खात्याच्या सुरक्षेच्या विभागात जावे व दुसऱ्या टप्प्यासाठी कोणकोणत्या रीती नोंदविल्या आहेत ते पाहावे. तेथे बंद पडलेला क्रमांक, दोन वर्षांपूर्वी विकलेला फोन, असे काहीबाही आढळण्याचा संभव फार. बॅकअप कोडची नवी यादी काढून कागदावर उतरवून घ्यावी. मग नव्या फोनवर ईमेल खाते सुरू करावे. विचारणा आली तर ती जुन्या फोनवर मंजूर करावी. पडताळणी ॲप नव्या फोनवर घेऊन जुन्या ॲपमधील ‘खाती हस्तांतरित करा’ या सोयीने पडद्यावरचे चित्र नव्या फोनच्या कॅमेऱ्याने टिपावे. दोन्ही फोन शेजारी ठेवून पाहिले असता दोहोंवर एकाच क्षणी तेच सहा अंक दिसतात.

अंक दिसले म्हणून काम संपत नाही. एखाद्या तिसऱ्या यंत्रावर, शाळेच्या संगणकावर म्हणा, खात्यात नव्याने प्रवेश करून पाहावा आणि तो केवळ नव्या फोनच्या मदतीने होतो काय याची खात्री करावी. ही चाचणी बहुतेकजण टाळतात. ती झाल्यावरच जुन्या फोनचे नाव खात्याच्या यादीतून काढावे, जुन्या फोनमधील खाती काढावीत आणि मग तो पूर्ण कोरा करावा. खाते न काढता कोरा केलेला अँड्रॉइड फोन पुढच्या माणसाकडे पुन्हा जुन्याच खात्याची मागणी करतो. गणपतीस मुंबईहून येणारे चाकरमानी आपले जुने फोन घरच्या मंडळींस देतात, तेव्हा हा अनुभव हमखास येतो आणि सण संपल्यावर मुंबईस फोन लावून परवलीचे शब्द विचारण्याची पाळी येते.

फोन कोकणच्या पावसात भिजून अचानक बंद पडला, किंवा होडीवरून पाण्यात गेला, तर जुना फोन हाताशी असणारच नाही. अशा वेळी त्याच क्रमांकाचे नवे सिमकार्ड काढावे लागते. येथे एक बाब विसरता कामा नये: बदली सिमकार्ड सुरू झाल्यावर सुरक्षेसाठी पहिले २४ तास त्यावरील एसएमएस बंद ठेवले जातात. म्हणजे अहवाल पाठविण्याची मुदत त्याच दिवशी संपत असेल तर एसएमएसवर विसंबणाऱ्याचा निरुपाय होतो. ज्याच्याकडे कोडचा कागद आहे त्याचे काम पाच मिनिटांत होते. हरवलेला वा चोरीस गेलेला फोन निरुपयोगी करण्याची सोय दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर २०२३ पासून उपलब्ध आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयास हवी. फोनवर ईमेल सदैव उघडे असते. ज्या हाती कुलूप नसलेला फोन पडतो त्यास पहिलाही दरवाजा लागत नाही आणि दुसराही लागत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी दूरवरून येणाऱ्या चोरास अडविते, खिशातून फोन काढणाऱ्यास नव्हे. त्याच्यासाठी फोनच्या पडद्याचे कुलूपच हवे, आणि ते १२३४ असू नये.

क्रमांक कोणाचा?

कोकणातील घरांत एक विशेष अडचण आढळते. आई-वडिलांचे ईमेल खाते मुंबईतील मुलाने किंवा मुलीने उघडून दिलेले असते आणि पडताळणीसाठी क्रमांकही आपलाच दिलेला असतो. हेतू चांगला असतो. परंतु विजयदुर्गला नव्या फोनवर खाते उघडावयाचे तर सहा अंक मुंबईस जातात. तेथे माणूस लोकलच्या गर्दीत असतो, आणि अंकांची मुदत संपते. शिवाय असे अंक दूरध्वनीवरून विचारण्या-सांगण्याची सवय घरात पडते. ही सवय घातक आहे. उद्या कोणी परका ‘मी बँकेतून बोलतो’ म्हणून अंक विचारील तेव्हा ते सांगण्यात काही वावगे वाटणार नाही. यावर उपाय सोपा आहे. पहिला क्रमांक खातेदाराचा स्वतःचा असावा, मुलाचा क्रमांक दुसरा पर्याय म्हणून नोंदवावा, आणि कोडचा कागद घरातील कागदपत्रांच्या पेटीत ठेवावा.

जुन्या क्रमांकांचा प्रश्नही लहान नाही. पूर्वप्रदान पद्धतीचा क्रमांक ९० दिवस न वापरल्यास कंपनी तो बंद करू शकते, आणि बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांच्या अवधीनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. रिचार्ज न केलेला जुना क्रमांक ईमेल खात्यात तसाच राहिला तर काही महिन्यांनी आपल्या दुसऱ्या दरवाजाची किल्ली एखाद्या अनोळखी गृहस्थाच्या खिशात असते. त्या गृहस्थाचा त्यात काहीही दोष नसतो.

सार्वजनिक कार्यालयांची खाती

व्यक्तीचे खाते बंद पडले तर तिची गैरसोय होते. ग्रामपंचायतीचे वा शाळेचे खाते बंद पडले तर गावाची होते. ग्रामपंचायतींचे नियोजन व हिशेब एप्रिल २०२० पासून ई-ग्रामस्वराज या केंद्रीय प्रणालीवर आले आहेत. शाळांची माहिती यूडायस प्लसवर भरली जाते. पत्रव्यवहाराचा ओघ ईमेलवर आहे. पण कार्यालयाचे खाते बहुधा त्या वेळी जे कोणी कामावर होते त्यांच्याच खासगी क्रमांकावर उघडलेले असते. पुढे त्यांची बदली होते. ग्रामपंचायत अधिकारी दुसऱ्या तालुक्यात जातात, मुख्याध्यापक निवृत्त होतात, संगणक चालविणारे हंगामी कर्मचारी दुसरी नोकरी धरतात. परवलीचा शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला सापडतो. दुसऱ्या टप्प्याचे अंक मात्र निवृत्त मुख्याध्यापकांच्या फोनवर जातात. प्रारंभी ते आनंदाने सांगतात. मग ते नवा फोन घेतात.

अशा खात्यांच्या बाबतीत पडताळणी बंद करून टाकावी असा सोपा विचार काही ठिकाणी होतो. तो बरोबर नाही. अनेकांच्या हाती परवलीचा शब्द गेलेला असतो अशाच खात्यास दुसऱ्या दरवाजाची गरज अधिक. एका माणसाच्या एका फोनवर सारे अवलंबून ठेवू नये, एवढीच काळजी घ्यावयाची. कार्यालयाच्या नावाने घेतलेला आणि कार्यालयातच राहणारा एक क्रमांक असावा व तो चालू ठेवण्याची तरतूद असावी. पडताळणी ॲप जोडताना तेच चित्र दोन जबाबदार व्यक्तींच्या फोनवर टिपता येते, म्हणजे एक रजेवर असता दुसऱ्याकडून काम अडत नाही. दोहोंपैकी कोणाचीही बदली झाली तर जुनी जोडणी काढून नवे चित्र घ्यावे. कार्यालयाच्या सामाईक संगणकावर ‘या यंत्रावर पुन्हा विचारू नका’ या चौकटीत खूण करू नये. तशी खूण केली की तेथे दुसरा दरवाजा कायमचा उघडा राहतो.

शासकीय ईमेल सेवेची गोष्ट थोडी निराळी आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सेवेत पदनामाने खाते मिळण्याची सोय असून या सेवेसाठी ‘कवच’ नावाचे पडताळणी ॲप वापरात आणले गेले होते. अशा खात्याचा फोन बदलताना आपल्या विभागाच्या समन्वय अधिकाऱ्याकडून प्रचलित कार्यपद्धती आधी विचारून घ्यावी. चूक झाल्यास ती दुरुस्त करणारा कोणी अधिकृत माणूस तेथे असतो, हा या सेवेचा फायदा. खासगी सेवेवर उघडलेल्या खात्यास असा माणूस नसतो. तेथे खाते परत मिळविण्याचा अर्ज यंत्रापुढे करावा लागतो, उत्तरास काही दिवस लागू शकतात, आणि खाते आपले आहे हे पटले नाही तर ते मिळतही नाही. मुख्याध्यापकांचा शिक्का तेथे चालत नाही.

न मागता आलेले अंक

पडताळणी सुरू केल्यानंतर एखाद्या रात्री कोणी काही केलेले नसता सहा अंकांचा संदेश येतो, किंवा ‘आपणच प्रवेश करीत आहात काय?’ अशी विचारणा पडद्यावर येते. याचा अर्थ असा की, परवलीचा शब्द कोणास तरी कळला असण्याचा संभव आहे आणि तो दुसऱ्या दरवाजापाशी उभा आहे. अशा वेळी ‘नाही’ म्हणावे आणि परवलीचा शब्द तत्काळ बदलावा. विचारणा वारंवार येऊ लागल्यास कंटाळून ‘होय’ दाबण्याचा मोह होतो. चोरांस माणसाचा हा स्वभाव ठाऊक असतो. पाठोपाठ फोन येऊन ‘चुकून आपल्या क्रमांकावर आमचे अंक आले, तेवढे सांगा’ असे कोणी म्हणाले तर तो तोच मनुष्य समजावा. बनावट संकेतस्थळे आता परवलीच्या शब्दापाठोपाठ हे सहा अंकही मागून घेतात व त्याच क्षणी खऱ्या ठिकाणी भरतात. पासकीचा गुण येथेच उपयोगी पडतो, कारण ती खऱ्या पत्त्यावाचून चालतच नाही.

दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक ओळख किंवा परवलीचा शब्द लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६क (इंग्रजी क्रमाने ‘६६ सी’) खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. २००८ च्या सुधारणेने आलेली ही तरतूद २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आहे. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. पहिल्या काही तासांतच रक्कम रोखून धरता येण्याचा संभव अधिक असतो. इतर तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात देता येतात.

कोडचा कागद ठेवावा कोठे, असा प्रश्न उरतो. फोनच्या कव्हरात नको, कारण तो फोनबरोबरच जाईल. संगणकाच्या पडद्यावर चिकटवून तर मुळीच नको. कार्यालयात तो लिफाफ्यात घालून, मोहोर करून, धनादेश पुस्तिका ज्या कपाटात असते तेथे ठेवावा व लिफाफ्यावर तारीख घालावी. बदलीच्या वेळी प्रभार यादीत शिक्के, किल्ल्या, रोख वही, जडवस्तू नोंदवही यांची नोंद होते. त्याच यादीत आणखी एक ओळ घालावी: कार्यालयाचे ईमेल खाते, त्यास जोडलेले क्रमांक, न वापरलेल्या कोडची संख्या. प्रभार घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी, देणारे समोर बसलेले असतानाच, आपल्या फोनवरून एकदा त्या खात्यात प्रवेश करून पाहावा.